तांब्यावर नक्षी आणि त्यात खडा: घरच्या घरी पदक करायचंय, मदत हवी

ओवी_क

नमस्कार मंडळी.

सध्या तांब्याच्या पत्र्यावर फेरिक क्लोराइडने नक्षी उठवायचा नाद लागलाय. जी रेघ उठून दिसायला हवी तिच्यावर पर्मनंट मार्कर नाहीतर नेलपॉलिश फिरवायचं. उरलेलं उघडं तांबं ते आम्ल खात जातं. ठिपक्यांच्या रांगोळ्या यात फार सुरेख उतरतात. सात ते चारची एक केली, ती मैत्रिणीने लगेच पळवलीही.

आता पुढची पायरी, म्हणजे खडा. माझ्याकडे दोन आहेत. एक अकीक: लंबगोल, वरून घुमटाकार, खालून सपाट, १८ बाय १३ मिलिमीटर, राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांचा. दुसरा हिरवा अपोफिलाइट, अजिंठ्याच्या पायथ्याशी दुकानं आहेत तिथून घेतलेला. असा काही चमकतो की बघत राहावं. माझं मन दुसऱ्यावर आहे.

तर यातला कोणता बसवू? घरी गॅसची टॉर्च नाही, आणायची सोयही नाही (भाड्याचं घर, वर दोन मांजरं). झाळकाम (धातू तापवून जोडणं) न करता खडा पक्का बसतो का? आणि आधी नक्षी करायची की आधी खड्याचं घर?

अटकमटक

नेलपॉलिशचा इतका चांगला उपयोग पहिल्यांदाच ऐकला. बायकोला धाग्याची लिंक देत नाहीये, बाटल्या मोजून ठेवील.

मोरचूद

छान विषय. थोडं रसायन सांगतो, पेशाने मास्तर आहे, सवय जात नाही.

फेरिक क्लोराइड हे आम्ल नव्हे, लोखंडाचा क्षार आहे. द्रावण मात्र चांगलंच आम्लधर्मी असतं. त्यातलं लोखंड तांब्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि तांबं विरघळत जातं. वायू निघत नाही, म्हणून घरी करायला नायट्रिकपेक्षा कितीतरी बरं. पण हातमोजे आणि चष्मा हवेतच. ओट्यावर, फरशीवर, कपड्यावर पडलं की पिवळा-तपकिरी डाग कायमचा. स्टीलच्या सिंकलाही खातं. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर चुकूनही ओतू नका, भडकून उकळतं. पावडर आणली असेल तर ती थोडी थोडी करून पाण्यात टाकायची, पाणी पावडरीवर नाही. चांगलं तापतं.

द्रावण कोमट असेल, चाळीसेक अंश, तर काम झपाट्याने होतं. डबा गरम पाण्याच्या परातीत ठेवला की झालं. पत्रा पालथा तरंगत ठेवायचा, नक्षी खाली. उताणा ठेवला तर विरघळलेला गाळ रेघांतच बसतो आणि खोली एकसारखी येत नाही. पाठीला पॅकिंगची चिकटपट्टी लावा आणि पत्रा थर्मोकोलच्या तुकड्यावर चिकटवून सोडा, होडीसारखा तरंगतो.

चांदीवर हे करू नका. पृष्ठभागावर सिल्व्हर क्लोराइडचा थर धरतो आणि क्रिया तिथेच अडते. चांदीला फेरिक नायट्रेट लागतं.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. त्यात तांबं असतं, ते नाल्यातल्या जिवांना विष आहे. ते पुन्हा पुन्हा वापरता येतं. अगदीच थकलं की धुण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत घालायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि तो घातक कचऱ्यात द्यायचा.

अटकमटक

थर्मोकोल? सर, महाराष्ट्रात २०१८ पासून त्याच्यावर बंदी आहे. माळ्यावरचं जुनं मखर काढावं लागणार.

मोरचूद

काढा. गणपतीबाप्पाला पुण्य.

सराफकट्टा

कोल्हापुरातून लिहितोय. घरात तीन पिढ्या सोनारकाम. रागावू नका, पण जे वाटतं ते लिहितो.

हे काम हाताचं नाही, द्रावणाचं आहे. छिन्नीने रेघ ओढली की तिच्या दोन्ही कडा लखकन चमकतात. हात कुठे जड पडला, कुठे उचलला ते त्या रेघेत दिसतं. आमच्याकडे साज करतात त्यातलं एकेक पान आजही ठोकून उठवतात. द्रावणाने खाल्लेला तळ मेला. खरबरीत, निस्तेज. आणि एकदा प्रिंटरवर चित्र काढून इस्त्रीने छापलं की कारागीर उरला कुठे?

बाकी पोरीला हौस आहे, चांगलंच आहे. पण यंत्राचं काम करून त्याला हस्तकला म्हणू नये.

चित्रकथी

काका, आदर ठेवून कडाडून विरोध.

मी प्रिंटमेकिंग शिकलो. आमच्या वर्गात जस्ताची पाटी आणि पातळ नायट्रिक असायचं. पाटीवर मेण-डांबर-राळेचा थर द्यायचा, सुईने ओरखडायचं, मग पाटी आम्लात. रेघेवर बुडबुडे जमतात, ते पक्ष्याच्या पिसाने हलकेच झाडत बसायचे. झाडले नाहीत तर बुडबुड्याखाली आम्ल पोचत नाही आणि रेघ खाचाखाचांची येते. पीसच बरं, कडक ब्रशने थर ओरखडतो. हिवाळ्यात एक वेळ आणि मे महिन्यात दुसरी वेळ लागते, ते घड्याळ सांगत नाही, डोळा सांगतो. यात हात नाही?

हे तंत्र छापखान्यात जन्मलंही नाही. युरोपातले कारागीर चिलखतांवर अशी नक्षी करत. ऑग्सबर्गचा डॅनियल हॉप्फर मूळचा त्यातलाच. साधारण १५००च्या सुमारास त्याने लोखंडी पाट्यांवरून कागदावर ठसे घ्यायला सुरुवात केली. म्हणजे धातूवरचं अलंकरण आधी, चित्रं नंतर. रेम्ब्रांट नंतर तांब्याच्या पाट्यांवर हेच करत होता.

आणि मेला तळ म्हणता, तोच खरा फायदा. खरबरीत तळ काळा रंग घट्ट धरतो, उठलेला भाग घासून उजळता येतो. छिन्नीच्या गुळगुळीत रेघेतून काळं पुसून जातं.

प्रिंटरबद्दल मात्र तुमच्याशी निम्मा सहमत. टोनर छापलेलं बघितलं की लगेच कळतं, सगळ्या रेघा एका जाडीच्या.

ओवी_क

मी हातानेच काढते, लेझर प्रिंटर नाहीये म्हणून :) पण प्रिंटरवाल्यांसाठी लक्षात ठेवण्यासारखं: चित्र पत्र्यावर उलटं उतरतं. अक्षरं असतील तर आधी आरशातली प्रतिमा छापावी लागते.

अटकमटक

म्हणजे 'श्री' छापला की उलटा श्री. सरकारी शिक्क्याचा खर्च वाचला.

सराफकट्टा

चित्रकथी, पिसाचं मला माहीत नव्हतं. बरं.

काळं धरतं हेही मान्य. पण एक सांगतो, रेघ फार बारीक ठेवू नका. द्रावण खाली जातं तसं बाजूलाही जातं, मार्करच्या खालून पोखरतं. केसाएवढ्या रेघा जागच्या जागी उडतात.

दगडफोड्या

मूळ प्रश्नातला खड्याचा भाग सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलाय. मी भूशास्त्रवाला, म्हणून.

ओवी, अपोफिलाइट बसवू नका. मन मोडतोय, माफ करा. त्याची कठिणता मोहसच्या एक ते दहाच्या मापावर साडेचार ते पाच. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची सात. म्हणजे नुसता गळ्यात घालून फिरलात तरी वर्षभरात चमक मरेल. त्याहून वाईट म्हणजे तो एका दिशेला सरळ फुटतो. कडेला चिमटा लावून दाबलंत की आडवा पापुद्रा निघेल. त्याच्या रचनेत पाणी असतं, तापला की ते जातं आणि सोलपटं निघतात, म्हणजे झाळकामाजवळही तो नको.

आणि दुकानदार झिओलाइट (खनिजांचं एक कुटुंब) म्हणून विकतात, पण अपोफिलाइट काटेकोर अर्थाने झिओलाइट नव्हे. एकाच पोकळीत शेजारी शेजारी सापडतात म्हणून एकाच टोपलीत पडतात. आपल्या दख्खनच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांतून पुढे गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यात हे सगळं वाढलं: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, आणि तुमचा अकीकही. पाषाणचे हिरवे अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे.

अटकमटक

वाघोलीत आता फ्लॅट सापडतात. कठिणता माहीत नाही, पण भिंतीत खिळा जात नाही.

दगडफोड्या

:)

अकीक मात्र डोळे झाकून घ्या. साडेसहा ते सात, फुटायला चिवट, आम्लाला दाद देत नाही (हायड्रोफ्लोरिक सोडून, आणि ते घरात आणू नका). बाकी वाचकांसाठी: मोती, पोवळं, फिरोजा, मॅलाकाइट आणि लाजवर्द यांना द्रावणाचा थेंबही लागता कामा नये. मोती आणि पोवळं तर लिंबाच्या रसानेही जातं.

फ्रँकफुर्टची_निमा

अकीकाचा विषय निघाला म्हणून अवांतर. इथून दोनेक तासांवर इडार-ओबरस्टाइन नावाचं गाव आहे, आख्खं गाव दगड घासण्यावर जगलं. तिथे पाण्याच्या चाकावर चालणारी जुनी घासणी अजून दाखवतात. माणसाहून उंच वाळूच्या दगडाची चाकं, आणि कारागीर बाकावर पालथा झोपून, पाय मागे टेकवून, छातीच्या जोराने अकीक त्या चाकावर दाबायचा. दिवसभर. गावचा दगड संपत आला तेव्हा एकोणिसाव्या शतकात इथली माणसं ब्राझीलला गेली, तिथे अकीक सापडला, आणि जहाजाने परत गावात यायला लागला.

तिथेच कळलं की बाजारात मिळणारा काळाभोर 'ऑनिक्स' बहुतेक वेळा केलेला असतो. अकीक साखरेच्या पाकात भिजत ठेवतात, पाक दगडाच्या छिद्रांत मुरतो, मग गंधकाम्लात टाकतात. साखर आतल्या आत जळून कोळसा होते आणि दगड काळा. गुलाबी आणि गडद निळे काप तर सरळ रंगवलेलेच.

मोरचूद

वा! नववीच्या वर्गात साखरेवर गंधकाम्ल ओतून दाखवतो, हाच तो प्रयोग. आता पोरांना दगडाची गोष्टही सांगेन.

दगडफोड्या

निमा, खंबातचं विसरू नका. राजपिपळ्याजवळच्या रतनपूरचा अकीक खंबातला जातो, उन्हात वाळवून मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात, तेव्हा त्यातलं लोह लाल होतं. मातकट दगडाचा तांबडा कार्नेलियन होतो.

आणि धातूवरच्या नक्षीचा धागा आहे, तर दगडावरच्या नक्षीचंही सांगतो. सिंधू संस्कृतीतले लोक कार्नेलियनच्या मण्यांवर खाराच्या लेपाने रेघा काढून भाजायचे. रेघ कायमची पांढरी. असे मणी मेसोपोटेमियात उरच्या राजघराण्याच्या कबरींत सापडले आहेत, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. सराफकट्टा काका, रसायनाने नक्षी ही चिलखतवाल्यांच्याही कितीतरी आधीची गोष्ट आहे.

सराफकट्टा

सगळे मिळून मलाच धरा आता.

हौशीआजी

मला सांगा, अकीक कुठल्या राशीला चालतो? माझ्या जावेने न विचारता नीलम घातला होता, घरात नुसती भांडणं.

अटकमटक

आजी, नीलम नसताना भांडणं नव्हती का?

हौशीआजी

होती. पण इतकी महाग नव्हती.

ठाणेकर

धाग्याची गाडी परत रुळावर आणतो. बसवायचं कसं? इतकं काय, ॲराल्डाइट लावा आणि मोकळे व्हा. मी भावाच्या लग्नात भेट दिलेली पदकं अशीच केली, एकही पडलेला नाही.

सराफकट्टा

अरे देवा.

गोंद उन्हाने, घामाने, साबणाने कधीतरी सुटतोच. खडा धातूने धरला पाहिजे. नख्या असोत, पट्टी असो, काहीतरी त्याच्या अंगावर आलं पाहिजे. नुसता चिकटवलेला खडा म्हणजे उधारीवरचा.

चित्रकथी

काका, कुंदनच्या कामात खड्याखाली लाख भरतात ना? तोही गोंदच की.

सराफकट्टा

लाख खड्याला खाली बैठक देते. धरून ठेवतं ते वरून दाबत दाबत बसवलेलं शुद्ध सोनं. दोन्हीत फरक आहे. ठाणेकरांना गोंद वापरायचाच असेल तर कोंदणाच्या आत, खडा हलू नये म्हणून, एवढाच वापरा. दगडाची पाठ ओबडधोबड असेल तर मी स्वतः खाली लाकडाचा भुसा घालतो.

ओवी_क

काका, मग मी काय करू? टॉर्च नाही. सोनाराकडे जाऊन फक्त कोंदणाची पट्टी झाळून आणली तर?

सराफकट्टा

तसं करता येतं, पण मग क्रम नीट पाळा. नक्षी आधी, सपाट पत्र्यावर. मग झाळ. झाळताना टाकणखार लागतो, आणि तांबं तापलं की काळं पडतं, ते लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात साफ करायचं. मग काळं करायचं ते करा, घासा, ओपा. खडा सगळ्यात शेवटी. खडा बसल्यावर त्या पदकाला आग नाही, द्रावण नाही, काही नाही.

पट्टी खड्याच्या उंचीच्या तिसरा हिस्सा पुरे. उंच ठेवलीत तर खडा बुडतो. आणि दाबताना आधी वर-खाली, मग डावं-उजवं, मग मधले कोपरे. एका बाजूने गोल गोल दाबत गेलात तर शेवटी पट्टीला चुणी पडते आणि ती कशानेही जात नाही. खडा बसतो का ते तपासताना खाली दोरा आडवा टाकायचा, नाहीतर एकदा आत गेलेला खडा बाहेर काढता काढता दिवस जातो.

पण तुला टॉर्चची गरजच नाही. रिबिट कर.

ओवी_क

म्हणजे कसं? जरा सविस्तर सांगा ना.

सराफकट्टा

दोन पत्रे घे. पुढचा नक्षीचा, त्यात खड्यासाठी खिडकी. खडा १८ बाय १३ आहे ना? मग खिडकी १७ बाय १२. खडा मागून घालायचा. घुमट पुढे येतो, बूड अडकतं. मागे दुसरा साधा पत्रा. दोन पत्र्यांच्या मध्ये खड्याच्या कडेइतक्या जाडीचा तुकडा, तांब्याचा नाहीतर चामड्याचा, नाहीतर ठोकताना पत्रे वाकून खड्यावर जोर येईल. चार कोपऱ्यांना भोकं, त्यात तांब्याची तार. तार भोकात घट्ट गेली पाहिजे, हलता कामा नये. दोन्ही बाजूंना तारेच्या निम्म्या जाडीएवढी बाहेर ठेव, कानशीने टोक सपाट कर, आणि छोट्या हातोडीने हळूहळू ठोक. एका बाजूला चार टोले, उलटं करून चार. एकदम एका बाजूने ठोकलंस तर तार आत वाकते.

खिडकी नक्षीनंतर काप, आधी नाही. आधी कापलीस तर द्रावण तिची कड कुरतडेल. पण चित्र काढतानाच खिडकीची जागा आखून तिच्याभोवती दोनेक मिलिमीटरची पट्टी मार्करने झाकून ठेव. तिथे तांबं पूर्ण जाडीचं राहील, कड कानशीने गोल करता येईल, आणि नक्षी खड्याशी येऊन नीट थांबेल. म्हणून खडा आधी ठरवायचा आणि शेवटी बसवायचा. लोक उलटं करतात. नक्षी करून मोकळे होतात, मग खडा शोधत फिरतात, मग खड्याखाली अर्धी रांगोळी दबते.

मोरचूद

+१. वाचनखूण साठवली.

चित्रकथी

काका, हे तर पूर्ण हातकाम झालं.

सराफकट्टा

रिबिटचं झालं. द्रावणाचं अजून बघतोय.

ठाणेकर

पत्रा कुठे मिळेल? किती जाडीचा?

ओवी_क

मी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणते, वजनावर देतात. पुढचा ०.८ मिलिमीटर घेते. द्रावण साधारण तिसरा हिस्सा खातं, त्यामुळे पातळ घेतला तर वाकतो. फेरिक क्लोराइड बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. सर्किटचे बोर्ड करायला लोक तेच नेतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळावं.

फ्रँकफुर्टची_निमा

घालणाऱ्यांसाठी एक सूचना. तांबं घामाने हिरवं होतं आणि गळ्यावर हिरवट डाग येतो. पाठीला मेणाचा हात किंवा पारदर्शक लॅकर द्या. आणि 'जर्मन सिल्व्हर' ऐकून चांदी समजू नका. त्यात चांदी शून्य, तांबं-निकेल-जस्त आहे, आणि निकेलची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. इथे जर्मनीत त्याला 'नॉयझिल्बर' म्हणजे 'नवी चांदी' म्हणतात, पण नावापुरतीच :)

हौशीआजी

काळं कसं करायचं ते कुणी सांगितलंच नाही.

चित्रकथी

आजी, सोपी युक्ती. अंडं कडक उकडायचं, गरम असतानाच फोडायचं, आणि पदकासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. अंड्यातल्या गंधकाने तांबं काळवंडतं. पदक अंड्याला चिकटू देऊ नका, डाग पडतो. रात्रभर ठेवलं की बाहेर काढा आणि उठलेला भाग बारीक पॉलिश पेपरने घासा, खाचांत काळं राहील.

हौशीआजी

आमच्याकडे अंडं चालत नाही.

मोरचूद

मग सल्फरेटेड पोटॅशचं गरम द्रावण. वास तोच येईल, शेजारी विचारतील. खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात आम्ल पडू देऊ नका, विषारी वायू सुटतो.

अटकमटक

म्हणजे अंडं न आणता अंड्याची बदनामी.

ओवी_क

सगळ्यांचे आभार. अपोफिलाइट टेबलावर ठेवते, उन्हात फार गोड दिसतो. अकीकाच्या पट्ट्या तिरप्या आहेत, म्हणून रांगोळीही तिरपी धरून आखतेय, ठिपक्यांची ओळ पट्टीच्या दिशेने. खिडकीभोवतीची पट्टी झाकली आहे.

काका, एक राहिलं. चार रिबिटं कोपऱ्यात ठेवली तर ती नक्षीच्या ठिपक्यांवर येतात. आत सरकवू का?

सराफकट्टा

आत नको, खड्याला जवळ पडतील आणि टोल्याचा हादरा बसेल. ठिपक्यांवर येतात ते उत्तमच. जिथे रिबिट येणार तिथला ठिपका काढूच नकोस, रिबिटाचं डोकंच ठिपका होईल. डोकं गोल ठोक, चपटं नको. फोटो टाक.

अटकमटक

काकांनी द्रावणाच्या रांगोळीत स्वतःचे चार ठिपके घुसवले. चित्रकथी, नोंद घ्या.